चार ट्रम्पेट एका स्टेजवर: आधी गप्प कोण कधी बसणार ते ठरवा, माईकचं नंतर बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: पुण्यात अडीचशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये तुम्ही जॅझची संध्याकाळ करताय, चार ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम्स, दीड तास, मध्यंतर नाही. चौघांपैकी दोघं लग्नाच्या ब्रास बँडमधले, फुंक दमदार, एक कॉलेजातला मुलगा जो रेकॉर्डिंग ऐकून ऐकून शिकलाय, आणि चौथे तुम्ही, नोटेशन वाचता पण वरचे सूर पक्के नाहीत. तीन रिहर्सल झाल्या आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत नुसता कलकलाट, सगळ्यांचे ओठ उतरलेले. आणि विचारलंय काय, तर माईक चार घ्यायचे की दोन, आणि साउंडवाल्याला काय सांगायचं.

माईकचं सांगतो, पण शेवटी. कारण रिहर्सलच्या खोलीत माईक नव्हतेच ना, तरी कलकलाट झालाच. म्हणजे अडचण माईकची नाही. अडचण ही आहे की चौघांनाही एकाच वेळी एकच जागा हवीय, वरची, चमकणारी, टाळ्या घेणारी जागा, आणि ट्रम्पेट असं वाद्य आहे की त्या जागेत दुसऱ्याला सामावून घेत नाही. चार सॅक्सोफोन एकत्र वाजले तर आवाज जाड होतो, चार व्हायोलिन एकत्र वाजली तर मऊ होतो, चार ट्रम्पेट मोकळे आणि जोरात वाजले की ऐकणाऱ्याचा कान पाचव्या मिनिटाला मिटतो. मी तीसेक वर्षं वाजवतोय, हॉटेलात, स्टुडिओत, लग्नात, आणि गेली काही वर्षं असे एकापेक्षा जास्त ट्रम्पेटचे शो बसवतोय, माझं मत पक्कं झालंय की असा शो वाजवण्यावर ठरत नाही, बाकीचे तिघं त्या वेळी काय करतायत यावर ठरतो.

आता काही गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत. तुमचा हॉल किती घुमतो, पडदे-कार्पेट आहे का नुसती फरशी, तुमचा ड्रमर काठ्यांऐवजी ब्रश वापरतो का, पियानो खरा आहे का कीबोर्ड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चौघांचं आपसात कसं आहे. मी जे लिहितोय ते या सगळ्यावर थोडं इकडे-तिकडे होईल, तुमचं तुम्ही जुळवून घ्या.

आधी ओठांचं बोलू कारण कलकलाटाचं मूळही तिथेच आहे. ट्रम्पेटमध्ये कंप पावतात ते आपले ओठ, त्याच्यावर माउथपीस दाबलेला, जितका वर जाल आणि जितकं जोरात वाजवाल तितका दाब वाढतो, दाबाने तिथलं रक्त कमी फिरतं, स्नायू थकतो. थकला की माणूस काय करतो, आणखी दाबतो आणि आणखी जोरात फुंकतो. म्हणजे थकलेला ट्रम्पेटवाला हळू नाही होत, मोठा होतो, आणि बेसूर होतो. चौथ्या गाण्यानंतर तुमच्याकडे जे ऐकू येतंय ना, ते चार दमलेले लोक एकमेकांच्या वर जाऊन वाजवतायत ते आहे. जितका वेळ वाजवलं तितका वेळ ट्रम्पेट खाली, असं आमचे सर सांगायचे, आणि चार जण आहात म्हणजे खरं तर तुमच्यासारखं सुख कोणाला नाही, प्रत्येकाला पाऊण वेळ विश्रांती मिळू शकते. तुम्ही ती घेत नाही आहात.

हिशोब करून बघा. बारा बारचा ब्लूज, एक बार म्हणजे चार मात्रा, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, एक आवर्तन म्हणजे ४८ मात्रा, २४ सेकंद. चौघांनी सहा-सहा आवर्तनं घेतली की नुसत्या ट्रम्पेटच्या सोलोची साडेनऊ मिनिटं होतात, पियानो-बास अजून यायचेच आहेत. तीन-तीनच घेतली तर सोलो पावणेपाच मिनिटांत संपतात, पियानोला तीन, बासला दोन, मुखडा आधी दोनदा नंतर दोनदा, सगळं मिळून साधारण साडेआठ मिनिटं. हे ऐकवतं. आणि तीन आवर्तनांत सांगायचं म्हटलं की माणूस विचार करून वाजवतो, पहिल्यात काहीतरी मांडायचं, दुसऱ्यात ते फिरवायचं, तिसऱ्यात कुठेतरी नेऊन सोडायचं. सहा मिळाली की पहिली दोन नुसती हात साफ करण्यात जातात. एखाद्या दिवशी एखाद्याला लागलीच तंद्री तर जाऊ दे त्याला पुढे, पण मग त्या गाण्यात दुसऱ्या कोणीतरी आपलं एक आवर्तन सोडायचं, हे आधी बोलून ठेवा.

आता क्रम. इथे मी तुम्हाला जुलै १९७५ चं एक उदाहरण देतो. स्वित्झर्लंडमध्ये माँत्र्यू जॅझ फेस्टिव्हलला नॉर्मन ग्रॅन्झ या निर्मात्याने तीन ट्रम्पेटवाले एकत्र उभे केले, रॉय एल्ड्रिज, डिझी गिलेस्पी आणि क्लार्क टेरी, मागे ऑस्कर पीटरसन पियानोवर, नील्स-हेनिंग पेडरसन बासवर, लुई बेल्सन ड्रम्सवर. वयं बघा, रॉय ६४ चा, डिझी ५७ चा, क्लार्क ५४ चा. डिझी तरुणपणी रॉयची नक्कल करत करत शिकला होता, म्हणजे गुरुस्थानीच्या माणसाशेजारी उभं राहून वाजवायचं. ते रेकॉर्डिंग मी पहिल्यांदा सरांच्या कॅसेटवर ऐकलं तेव्हा कव्हरही बघितलं नव्हतं, तरी दोन-तीनदा ऐकल्यावर कोण कुठला ते कळायला लागलं. रॉयचा सूर खरखरीत, तापलेला, वर जाताना धडपडत जातो आणि ती धडपड तो लपवत नाही. डिझी लयीशी खेळतो, अर्ध्या ठिकाणी गप्प बसून एकदम लांबलचक ओळ फेकतो. क्लार्क टेरीचा प्रत्येक सूर मण्यासारखा वेगळा, आणि त्याचं ते फ्लूगलहॉर्न, ट्रम्पेटचंच रुंद नळीचं भावंड, गोल, मऊ. तिघं एकाच वाद्याचे, एकाच ब्लूजवर, आणि एकही दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. लोक अशा कॉन्सर्टला कुस्ती म्हणतात, ईर्षा असतेच, मी नाही म्हणत नाही, पण मला त्यात ऐकू येते ती आपापली जागा ओळखलेली तीन माणसं.

म्हणून तुमचं पहिलं काम हे की चौघांनी बसून, वाद्यं पेटीत ठेवून, एकमेकांना सांगायचं की तुझं चांगलं काय आहे. लाजायचं नाही. बँडमधल्या दोघांची फुंक आणि सरळ, पल्लेदार सूर, तो मुलगा असेल तर बहुतेक त्याची बोटं पळत असतील, आणि तुमचा मधला सप्तक. त्यावरून क्रम लावा, वयावरून किंवा मानावरून नको.

हे मी ठेच लागून शिकलो. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका कंपनीच्या कार्यक्रमात आम्ही पाच ट्रम्पेट होतो, शो माझ्याकडे होता. क्रम मी सीनियॉरिटीने लावला, सगळ्यात ताकदीचा माणूस पहिला. त्याने दुसऱ्याच आवर्तनात वरचे सूर काढले, हॉल उठला. दुसऱ्याला मग त्याच्या वर जाणं भागच पडलं, तिसरा त्याच्याही वर, चौथ्याचे सूर फुटायला लागले. पाचवा बावीस वर्षांचा मुलगा होता, आमच्या सगळ्यांत चांगला कान त्याचा, त्याच्यासाठी काही शिल्लकच नव्हतं. त्याने एक आवर्तन जोरात मारलं, वरचा सूर चिरला, आणि मान खाली घालून मागे गेला. नंतर बरेच महिने तो जॅझ वाजवायला आलाच नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती, मी त्याला अशा जागी उभं केलं जिथून पुढे रस्ताच नव्हता. त्यानंतर मी एकही शो क्रमाचा कागद केल्याशिवाय केलेला नाही.

तर माझा क्रम साधारण असा असतो. पहिला सोलो मधल्या सप्तकात वाजवणाऱ्याला, आवाज कमी, जागा सोडत वाजवणारा. तुमच्याकडे ते तुम्ही आहात, आणि हा मान आहे, शिक्षा नाही, कारण गाण्याची जमीन तुम्ही घालता. दुसरा बँडमधला एक, सरळ सूर, थोडी चढण. मग पियानो. हे फार महत्त्वाचं आहे, दोन ट्रम्पेटनंतर पियानो आला की कान धुऊन निघतो, पुढचा ट्रम्पेट नव्याने ऐकू येतो. मग तो मुलगा, आणि तो म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लावून किंवा अगदी हळू सुरू करेल, आणि शेवटी बँडमधला दुसरा, त्याला वर जायला मोकळं रान. प्रत्येक गाण्याला हाच क्रम ठेवू नका अर्थात, पण प्रत्येक गाण्यात ही चढण-उतरण कुठे आहे ते कागदावर दिसलं पाहिजे.

आणि एक नियम, हा मी सगळ्यांना लावतो: आधीच्याची ओळ उचला, त्याचा आवाज उचलू नका. त्याने शेवटी वाजवलेले चार सूर घेऊन तुम्ही सुरू केलंत, जरा फिरवून, तर लोकांना कळतं की हे दोघं एकमेकांचं ऐकतायत. पण तो ज्या जोरात थांबला त्या जोरात सुरू केलंत तर संपलं. सवाईला नाही का, आधीचा गायक द्रुत लयीत ताना घेऊन टाळ्यांच्या कडकडाटात उतरतो, पुढचा येऊन तिथून नाही सुरू करत, तो पहिला षड्ज शांतपणे लावतो आणि सगळा मंडप पुन्हा खाली बसतो. तेच.

बँडमधल्या दोघांबद्दल एक बोलतो कारण तुमच्या लिहिण्यात 'ते जॅझवाले नाहीत' असा सूर दिसला. मुंबईत हे वाद्य जॅझमध्ये मोठं केलं ते कोणी, गोव्याच्या चर्चच्या शाळांत सॉल्फेज, म्हणजे नोटेशन बघून डो-रे-मी गायची पद्धत, शिकून आलेल्या लोकांनी, आणि ते हॉटेलात जॅझ वाजवायचे, लग्नात वाजवायचे आणि दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला बसायचे, एकच माणूस सगळीकडे. चिक चॉकलेट म्हणून ज्यांना सगळे ओळखायचे ते हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये वाजवायचे, लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे आणि तेच सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवायचे. माझे सर त्याच परंपरेतले, वरातीत वाजवणाऱ्या माणसाचा दम त्यांना फार मोलाचा वाटायचा. उन्हात तीन तास चालत वाजवणाऱ्याला सूर धरून ठेवता येतो, आणि चार ट्रम्पेटचा मुखडा एकत्र वाजवताना वरची ओळ धरायला नेमकं तेच लागतं. मुखड्याची मेलडी त्या दोघांपैकी एकाला द्या, बाकीचे तिघं त्याच्या खाली हार्मनी, आणि त्याच्यापेक्षा हळू. त्यांनी सोलोत ताना नाही मारल्या तरी चालेल, मुखडाच वेगळ्या वजनाने वाजवला तरी तो सोलो होतो, आर्मस्ट्राँगचे निम्मे सोलो तसेच तर आहेत.

स्केल बघितलीत का? हे बरेच जण विसरतात. आपला ट्रम्पेट बी फ्लॅटचा, पियानोचा बी फ्लॅट म्हणजे आपला सी. त्यामुळे पियानोवर बी फ्लॅट, एफ, ई फ्लॅट ही घरं आपल्याला सोपी. गिटारवाल्याच्या सोयीने कोणी ई मेजर धरली की आपल्याला एफ शार्प, सहा शार्प, आणि चौघांपैकी तिघांची बोटं अडकणार, आणि अडकलेला माणूस पुन्हा जोरात वाजवतो. मेलडीचा सगळ्यात वरचा सूर किती वर आहे तेही बघा, गाणं एक सूर खाली आणल्याने कोणाचा अपमान होत नाही आणि शेवटचं गाणं वाचतं.

आता रंग. चार ट्रम्पेट म्हणजे चार मोकळे ट्रम्पेट असं कुठे लिहिलंय. एकाकडे हार्मन म्यूट, दांडी काढून, माइल्स डेव्हिसमुळे सगळ्यांना माहीत असलेला तो बारीक धातूचा आवाज. एकाकडे कप म्यूट. एकाकडे प्लंजर, नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून संडास-मोरी तुंबल्यावर वापरतात ते रबराचं नवीन आणा, दांडा काढा, जगभर तसंच करतात. कोणाकडून फ्लूगलहॉर्न मिळालं तर फारच छान, तोही बी फ्लॅटचाच, बोटं तीच, आवाज एकदम मखमली. क्लार्क टेरी तर एका हातात ट्रम्पेट आणि दुसऱ्यात फ्लूगलहॉर्न धरून स्वतःशीच सवाल-जवाब करायचा. फक्त म्यूट घरीच ट्यूनर लावून तपासा, स्ट्रेट (साधा शंकूसारखा म्यूट) आणि हार्मन लावला की सूर सहसा चढतो, किती चढतो ते तुमच्या वाद्यावर आणि त्या म्यूटवर आहे, तेवढी स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, बाहेर काढायची आणि म्यूट काढला की परत आत ढकलायची. हे शोमध्ये विसरायला होतं, म्हणून कागदावर गाण्याच्या नावापुढे लिहा.

गप्प बसलेल्यांकडे येतो. एसी हॉलमध्ये पाच मिनिटं न वाजवलेला ट्रम्पेट थंड पडतो, आणि थंड पितळ उतरतं. तुम्ही गाण्याच्या आधी पियानोला लावून घेतलंय आणि चौथा सोलो तुमचा, तोपर्यंत तुम्ही उतरलेले असता आणि आधीचा गरम होऊन थोडा चढलेला, दोघांत फरक पडतो आणि लोकांना वाटतं बेसूर वाजवतायत. उपाय साधा आहे, आपला सोलो यायच्या आधी दोन आवर्तनं ट्रम्पेटमधून नुसती गरम हवा सोडत राहायची, आवाज न काढता, हळू, बोटं फिरवत. ओठही जागे राहतात. आणि उभं कुठे राहायचं, सोलोवाल्याच्या मागे दोन पावलं, बाजूला, त्याच्याकडे बघत. मोबाइल नाही, आपसात बोलणं नाही. तिघं जण चौथ्याचं मनापासून ऐकतायत हे दिसलं की हॉलपण ऐकतो.

मागे अगदी काहीच वाजवायचं नाही असंही नाही. तिसऱ्या आवर्तनात, सोलो चढायला लागला की मागच्या दोघांनी मिळून एक छोटा रिफ धरायचा, दोन बारचा, मधल्या सप्तकात, हळू, तोच तोच. सोलोवाल्याला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. पहिल्या आवर्तनात मात्र कधी नाही, आणि तिघांनी नाही, दोघांनीच, एकाचे ओठ कायम विश्रांतीवर.

सवाल-जवाब, म्हणजे चार-चार बार वाटून घेणं, हे तुम्हाला करायचं असणारच आणि लोकांना तेच सगळ्यात आवडतं. इथे एक गंमत आहे जी बसवताना कळत नाही आणि स्टेजवर गोंधळ घालते. बारा बारच्या ब्लूजमध्ये चार बारचे तीनच तुकडे होतात. तिघं असाल तर प्रत्येकाला दर वेळी तोच तुकडा येतो, पहिल्याला कायम सुरुवात, तिसऱ्याला कायम शेवटचं वळण. चौघं असाल तर चक्र सरकतं, पहिल्या आवर्तनात पहिला-दुसरा-तिसरा, दुसरं आवर्तन चौथ्यापासून, तिसरं तिसऱ्यापासून, चौथं दुसऱ्यापासून, आणि चार आवर्तनांनी, प्रत्येकाच्या तीन-तीन पाळ्या होऊन, पुन्हा पहिल्या माणसावर समेला येतं. म्हणजे तुम्ही चार आवर्तनांचाच हिशोब ठेवायचा, मधेच मुखड्यावर गेलात तर कोणाची तरी पाळी हुकते. बत्तीस बारच्या गाण्यात आठ तुकडे, चौघांना दोन-दोन, बरोबर बसतं, पण मधला वेगळा भाग, तो ब्रिज, कायम पहिल्या-दुसऱ्याच्याच वाट्याला येतो. ब्रिजचे कॉर्ड ज्याला नीट येतात त्याला त्या जागेवर ठेवा. आणि या वेळी पियानोवाल्याला सांगा हात उचलायला, नुसता बास-ड्रम्स, चार आवाज स्वच्छ दिसतात.

सगळीच गाणी एकत्र वाजवू नका हेही सांगायचंय. नॉर्मन ग्रॅन्झने १९४४ मध्ये लॉस एंजेलिसला ज्या कॉन्सर्ट सुरू केल्या त्यांत पुढे एक चाल रूढ झाली, बॅलडची माळ. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक संथ गाणं घ्यायचं, एकच आवर्तन, मागचा ताल न थांबता पुढच्याच्या गाण्यात जायचा. मिनिटाला ६४ मात्रांच्या लयीत बत्तीस बार म्हणजे दोन मिनिटं, चौघांची आठ, आणि प्रत्येक जण सहा मिनिटं ओठांना आराम देतो. शोच्या मध्यावर हे ठेवा, दुसरा अर्धा भाग त्यावर उभा राहतो. १० जुलै १९७० ला अमेरिकेत न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलला लुई आर्मस्ट्राँगच्या सन्मानाची संध्याकाळ झाली तिथेही बॉबी हॅकेट, जो न्यूमन, वाइल्ड बिल डेव्हिसन, जिमी ओवेन्स, रे नान्स, डिझी गिलेस्पी एवढे सगळे ट्रम्पेटवाले होते, आणि ज्याने त्याने आपापलं काहीतरी लुईसमोर ठेवलं. लुई स्वतः त्या रात्री गायला, आणि पुढच्या वर्षी ६ जुलैला गेलाच. डिझीसारखा माणूस, ज्याने ट्रम्पेटची भाषाच बदलली, तो तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबतो, हे मला त्याच्या वाजवण्याइतकंच मोठं वाटतं.

उलट उदाहरण हवं असेल तर एप्रिल १९६५, ब्रुकलिनचा एक क्लब, फ्रेडी हबर्ड आणि ली मॉर्गन हे दोन ट्रम्पेटवाले, दोघं सत्तावीस-अठ्ठावीसच्या आतले, दोघंही ड्रमर आर्ट ब्लेकीच्या हाताखाली तयार झालेले. तिथे एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं आणि खरीच आग आहे. मला ते फार आवडतं. पण ते दोघंच होते, त्या वयात होते, आणि रोज रात्री वाजवणारे होते. तुमच्या त्या कॉलेजातल्या मुलाने ते नक्की ऐकलं असणार आणि तो रिहर्सलला तेच करायला बघत असणार. त्याला रागावू नका, एक गाणं त्याला आणि बँडमधल्या एकाला द्या, दोघांनीच, जुगलबंदी, काय करायची ती. बाकीचे दोघं स्टेजवरून खाली उतरा.

आता माईक. आत्तापर्यंत क्रम, आवर्तनांची मर्यादा, म्यूट आणि मागे थांबणं हे ठरलं असेल तर उत्तर आपोआप येतं: दोन पुरे. अडीचशेच्या हॉलमध्ये मोकळ्या ट्रम्पेटला माईकची फारशी गरजच नसते, गरज म्यूटला आणि फ्लूगलहॉर्नला असते. दोन साधे डायनॅमिक माईक, शुअर कंपनीचा एसएम ५७ पुण्यात कोणाकडेही मिळेल, पुढे दोन्ही बाजूंना. सवाल-जवाबात पहिला आणि तिसरा डाव्या माईकवर, दुसरा आणि चौथा उजव्या, म्हणजे एकाचं संपेपर्यंत पुढचा आधीच जागेवर असतो, धक्काबुक्की नाही. मोकळा ट्रम्पेट माईकपासून फूट-दीड फूट, आणि बेल, म्हणजे ट्रम्पेटचं पसरट तोंड, सरळ माईकच्या तोंडात नको, जरा तिरपी, कारण ट्रम्पेटचा तिखट आवाज बेलच्या नाकासमोर सरळ जातो. हार्मन मात्र माईकला जवळजवळ टेकवून. साउंडवाल्याला क्रमाच्या कागदाची एक प्रत द्या, कुठे हार्मन आहे ते लाल पेनाने, नाहीतर तो म्यूटसाठी वाढवलेला आवाज तसाच ठेवेल आणि पुढचा मोकळा ट्रम्पेट लोकांच्या कानात घुसेल. चौघांच्या एकत्र मुखड्याला, मागच्या रिफला माईक नको, तसंच वाजवा.

मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवतात ते स्पीकर, मागा, दोन तरी. स्वतःचं ऐकू आलं नाही की कोणीही जोरात फुंकतो. डिझीचा तो बेल वर वाकलेला ट्रम्पेट माहितीये ना, १९५३ मध्ये पार्टीत कोणीतरी त्याच्यावर पडलं आणि वाकला, आणि त्याने बघितलं की असा स्वतःला लवकर ऐकू येतो, म्हणून पुढे मुद्दाम तसाच बनवून घेतला. तुम्ही बेल वाकवू नका, मॉनिटर घ्या. आणि ड्रमरला सांगा पहिल्या सोलोला ब्रश, जो झगझगीत सिंबल आहे तो शेवटच्या सोलोसाठी राखून ठेव, तो आणि ट्रम्पेट एकाच पट्टीत भांडतात.

राहिल्या रिहर्सल. पुढच्या रिहर्सलला अर्धा वेळ ट्रम्पेट न काढता गाणी गाऊन घ्या, तोंडाने, क्रम लावून, कोण कधी पुढे येणार ते चालून बघा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वरचे सूर अजिबात नको, वीस मिनिटं लांब सूर, बस. कार्यक्रमाच्या दिवशी साउंड चेकला प्रत्येक गाण्याची सुरुवात आणि शेवट एवढंच, पूर्ण गाणी नाही, बँडवाल्या दोघांना हे पटणार नाही, त्यांना समजावून सांगा. शेवटच्या गाण्याचा शेवटचा कॉर्ड कोण वर धरणार तेही ठरवा, आणि ज्याने धरायचा त्याला त्या गाण्यात सोलो देऊ नका.

गाण्यांची यादी आणि स्केल इथे लिहा, तुमच्या माणसांच्या वरच्या सुरांची हद्दपण लिहा, क्रमाचा कागद मी करून देतो.